मी त्या खोलीत नव्हते

४ फेब्रुवारी

आमच्या शाळेच्या गणवेशाला पाठीमागे बटणं होती. पांढरी, चपटी. स्वतःचा हात तिथवर पोचायचा नाही, म्हणून रोज सकाळी आम्ही दोघी बहिणी आरशापुढे एकीमागे एक उभ्या राहायचो. ताई माझी बटणं लावायची, मग मी वळून तिची. मी वरून सुरुवात करायचे आणि खाली पोचेपर्यंत एक बटण तरी उरायचं, नाहीतर एक काज तरी. ताई खालून सुरुवात करायची. तिचं कधी चुकलं नाही. "ठके, श्वास आत घे," म्हणायची, आणि मानेजवळचं शेवटचं बटण लावताना तिची बोटं गार लागायची.

हे आज आठवलं, कारण दवाखान्यात तपासणीआधी मला एक निळसर झगा दिला, त्याला पाठीमागे नाड्या. नर्स म्हणाली, बांधायला कुणी सोबत आहे का? ताई पुढे आली आणि तिनं खालून सुरुवात केली. मध्ये आयुष्य गेलं, पण बाईच्या बोटांत फरक नाही. अजून गारच.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, बदलावी लागेल. दाराची बिजागरी बदलतात तसं समजा. ताईनं विचारलं, दार जुनं आहे, चौकट धरेल ना? डॉक्टर मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही. मार्चअखेरीची तारीख मिळाली आहे.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर आम्हाला रोज स्वतःच्या मनाची झडती घ्यायला सांगायची. मी ते जन्मभर टाळलं. आता वही घेतली आहे. ताई दुसऱ्याच्या लिहिलेल्याला हात लावत नाही, त्यामुळे ही उघडी पडली तरी भीती नाही.

९ फेब्रुवारी

आधी कादंबरीबद्दल लिहायला हवं, कारण लाज वाटण्यासारखं जे काही आहे ते तिथेच आहे.

हे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून ताई निवृत्त झाल्यावर तिला इथेच राहायला बोलावलं. तिनं लग्न केलं नाही. आयुष्यभर कोर्टात लघुलेखिका होती. साक्षीदार बोलणार आणि ती उतरून घेणार. मी आयुष्यभर कविता-कथा शिकवल्या आणि या वयात एक कादंबरी लिहायला बसले. मी हातानं लिहिते, ताई कॉम्प्युटरवर टाइप करते. जुन्या यंत्राची सवय, त्यामुळे ती कळा अशा बडवते की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, तुमच्याकडे सुतार आलाय का?

कादंबरी एका वाईट मुलीची आहे. वाईट वागणाऱ्या नव्हे, वाईटच जन्मलेल्या. तिच्या कपाळावर जन्मखूण आहे. घर समुद्राकाठी, बाप दीपगृहावर नोकरीला, आणि सगळी गोष्ट तिच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून, 'मी' म्हणत. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की प्रत्येक माणूस डाग घेऊनच जन्मतो आणि तो बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतला जातो. आम्ही दोघी काही ख्रिस्ती नव्हतो, त्यामुळे आमचा डाग तसाच राहिला, असं ताई गमतीनं म्हणायची.

ती मुलगी मी ताईवरून घेतली आहे. लिहून टाकलं. वय बदललं, केस कुरळे केले, समुद्र आणून ओतला. पण चालणं तिचं आहे, घोगरा आवाज तिचा आहे, आणि लहान बाळांना हात न लावणंही तिचंच आहे. माझी लेक जन्मली तेव्हा ताई तिला घ्यायलाच तयार नव्हती. हात गार आहेत, म्हणाली. पाळण्यापासून हातभर लांब उभी राहून बघितलं आणि गेली. मला तेव्हा फार लागलं होतं. कादंबरीत ते छान बसलं.

ती टाइप करताना तिला काही ओळखीचं वाटलेलं दिसत नाही. तिच्या तोंडावर काहीच दिसत नाही.

११ फेब्रुवारी

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही दोन भावांची गोष्ट बसवली होती. एक शेती करतो, एक मेंढ्या राखतो. शेतकऱ्याची भेट देवाला आवडत नाही, मेंढपाळाची आवडते, म्हणून शेतकरी भावाला रानात नेऊन मारतो. ताई उंच आणि आवाजानं जाड, म्हणून ती मारणारा भाऊ झाली, काइन. मी मेंढी होते. माझ्या अंगभर कापूस चिकटवला होता आणि तो मला चावत होता. शेवटी मदरनं स्वतः ताईच्या कपाळावर जळक्या बुचाची खूण काढली. त्यात काय कालवलं होतं कोण जाणे, कितीतरी दिवस ती निघेना. आई घासून थकली. तेव्हापासून घरात तिचं नाव काइन पडलं. बाबा म्हणायचे, काइन, जरा मीठ दे. आम्ही सगळे हसायचो, ताईही.

मग बाळ झालं. आमचा भाऊ. तो थोडेच महिने जगला. एका दुपारी ताई त्याच्यापाशी होती आणि आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ताई तेव्हा नऊ वर्षांची. त्या दिवसानंतर घरात तिला कुणी काइन म्हटलं नाही. मला वाटायचं, गंमत शिळी झाली.

कादंबरीतही एक बाळ मरतं. त्या प्रकरणात मी खोलीचं दार बंद ठेवलं आहे. आत काय झालं ते कुणी सांगत नाही.

१५ फेब्रुवारी

ताईची दोन तत्त्वं आहेत आणि दोन्ही मी तिच्याकडून उचलली आहेत. पहिलं असं की साक्षीदाराचं वाक्य बदलायचं नाही. शुद्धलेखन सुधारायचं, बाकी हात लावायचा नाही. दुसरं तिनं आज चहा घेताना पुन्हा सांगितलं. खोटं सांगणारा मोठमोठ्या गोष्टी सांगतो, म्हणाली, रक्त, किंकाळ्या. ज्यानं खरंच पाहिलंय तो निरुपयोगी काहीतरी सांगतो, पडद्याची दोरी कशी होती ते. दोरी ऐकली की समजायचं, हा माणूस खोलीत होता.

मी हे माझ्या टिपणवहीत लिहून ठेवलं आहे. लेखकाला यापेक्षा कामाचं काय सांगणार?

दुसऱ्या प्रकरणात मी त्या जन्मखुणेला देवानं मारलेला शिक्का म्हटलं आहे, बघणाऱ्यानं सावध व्हावं म्हणून. ताईनं आजवर एकाच ठिकाणी पेन्सिलीनं शंका काढली, ती इथे. समासात लिहिलंय: 'मूळ गोष्टीत खूण त्याला कुणी मारू नये म्हणून होती. तपासावे.' मी विचारलं, तुला कसं आठवतं? म्हणाली, मदरनं सांगितलं होतं, तू तेव्हा जांभया देत होतीस.

बहुधा तिचं बरोबर आहे. पण तसं केलं तर खुणेतला दरारा जातो. मी शंका खोडरबरानं पुसली. पुसताना दार लोटून घेतलं होतं, हे आता लिहिताना लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी

संपादक बाईंकडे गेले होते. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी, फार हुशार, टेबलावर सगळीकडे चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. तिला कादंबरी आवडली आहे. ती मुलगी अंगावर येते, म्हणाली. कुणी बिघडवलं नाही, कुणी छळलं नाही, तरी ती तशी आहे, हे आपल्याकडे कुणी लिहायला धजत नाही. मी लाजले. बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी लाजले.

मग म्हणाली, एकच गोष्ट खटकते. तुम्ही दार बंद ठेवलंय. वाचक इतका चालत तिथवर येतो आणि तुम्ही त्याला बाहेर उभं करता. उघडा ना ते दार. धाकट्या बहिणीला आत बसवा. तिला बघू दे.

मी म्हटलं, विचार करते. खरं तर विचार तिथेच झाला होता.

२४ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. ताईनं माझ्या गोळ्या आठवड्याप्रमाणे डबीत लावून दिल्या. दम लागतो. लेकीचा फोन आला, ऑपरेशनच्या वेळी बाळाला घेऊन येतेय, नवराही येणार. माझा नातू मी अजून फक्त फोनवर पाहिला आहे.

२७ फेब्रुवारी

लिहिलं. एका सकाळी, एका बैठकीत. इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं, हे मला लिहितानाच कळत होतं. खिडकीची तडकलेली काच, तिला चिकटवलेला कागद. पडद्याची दोरी, तिच्या टोकाला लाकडी मणी, मण्यावर दातांचे व्रण. बाळाच्या एकाच पायात मोजा. ती मुलगी प्रार्थनेचं गाणं गुणगुणते आहे, आणि मग उशी. धाकटी बहीण पलंगावर झोपेचं सोंग घेऊन सगळं बघते आणि कुणालाही सांगत नाही.

मला माहीत आहे की ताईनं असं काही केलं नाही. म्हणजे मला कधी तसं वाटलेलं नाही. मग लिहिताना इतका आनंद का झाला?

२ मार्च

पानं ताईला दिली. तिनं दोन दिवस ती टेबलावर पडू दिली आणि आज टाइप करायला बसली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि कान आत होते. सुतारकाम नेहमीसारखं चालू झालं. मग मध्येच थांबलं. बराच वेळ काही नाही. मी उठणार तेवढ्यात पुन्हा चालू झालं, पण हलकं. इतकं हलकं टाइप करताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं.

जेवताना म्हणाली, झालं, एक जागा वाचता आली नाही, तिथे फुलीची खूण केली आहे. एवढंच. तिला काही कळलेलं नाही. मी सुटले, आणि सुटल्याची लाज वाटली, आणि तरी जेवण गेलं.

६ मार्च

लेकीनं फोनवर बाळ दाखवलं. गुबगुबीत, दोन्ही मुठी तोंडात. ताई माझ्या मागे होती, बाळ दिसताच बाजूला सरकली. मी म्हटलं, ये की, बघ तरी. ती चित्रात न येता तिथूनच लेकीला म्हणाली, त्याला कुणाबरोबर एकट्याला खोलीत ठेवत नाहीस ना? लेक हसली, मावशी, घरात माणसंच दोन, ठेवणार कुणाबरोबर?

ताईचा हा कोरडेपणा मला कधी समजला नाही.

९ मार्च

आज सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. ताई गॅलरीत आली, कठड्याला टेकली. मला म्हणाली, "ठके, एक विचारते. खरं सांग. तू तेव्हा जागी होतीस?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, कधी?

"बाळाच्या वेळी. पलंगावर." मग तिनं माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. तिला बाळापाशी बसवलं होतं. तिला झोप लागली. जाग आली तेव्हा आई दारात उभी होती आणि बाळ हलत नव्हतं. मधलं काही नाही. आई एवढंच म्हणाली, तू काय केलंस? त्यानंतर आईनं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. जन्मभर ती त्या मधल्या वेळात काय झालं ते शोधत होती. कधी वाटायचं काही नाही, कधी वाटायचं झोपेत काही केलं असेल, कधी वाटायचं झोप हेच खोटं असेल.

"तुला एवढं सगळं माहीत होतं आणि बोलली नाहीस," ती म्हणाली. "मला सांभाळून घेतलंस. आता लिहिलंस ते बरं केलंस. निदान कळलं."

तिनं माझे आभार मानले. झारी माझ्या हातात तशीच होती आणि पाणी जमिनीवर चाललं होतं.

१० मार्च

मनाची झडती घ्यायची म्हणून ही वही घेतली, तर काल मी जे लिहिलं नाही ते आज लिहायलाच हवं. ताई बोलत होती तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: म्हणजे प्रकरण इतकं खरं उतरलंय. एका क्षणापुरतंच. पण ते पहिलं आलं. दया नंतर आली.

कादंबरीत मी लिहिलं आहे की वाईटपणा आतून येतो, कारण नसताना येतो, आणि येताना गोड वाटतो. हे मी कुठून आणलं असेन?

१३ मार्च

मी चार दिवस मूग गिळून बसले. खरं सांगायला तोंड उघडायचं आणि हवामान बोलायचं. आज ताईनं सांगितलं की जुन्या कचेरीच्या मागच्या रस्त्यावर एकट्या बायकांसाठी एक वसतिगृह आहे, तिथे तिची एक मैत्रीण असते, एक खोली रिकामी होते आहे. माझं ऑपरेशन होईपर्यंत थांबेल. बाळ घरात यायच्या आत जाईल.

मी म्हटलं, का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी आहे. "घरात तान्हं मूल येतंय, ठके."

ती जाणार आहे. दवाखान्यातून परत आले तर हे घर रिकामं असणार, आणि ते मी लिहून रिकामं केलं.

१५ मार्च

सांगितलं. सगळं बनवलेलं आहे, म्हटलं. मी तिथे नव्हते. ताई ऐकून हसली, आणि ते हसणं मी विसरणार नाही. आजाऱ्यानं भेटायला आलेल्याची समजूत काढावी तसं. माझा हात थोपटून म्हणाली, राहू दे, तू पूर्वीपासून मला झाकतेस. मी म्हटलं, अगं कादंबरी आहे ती, दीपगृह तरी होतं का आपल्याकडे?

"दीपगृह बनवता येतं," ती म्हणाली. "दातांचे व्रण असलेला मणी कोण बनवतं?"

आयुष्यभर साक्षी उतरून घेतलेल्या बाईला मी तिच्याच तत्त्वानं फसवलं. आता तिच्यापुढे माझं सांगणं म्हणजे उलटलेला साक्षीदार. असे तिनं पुष्कळ पाहिलेत.

१७ मार्च

आज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मी साक्ष देते, तू उतरून घे. तिला वाटलं मला बरं नाही. मी म्हटलं, तुझ्या पद्धतीनं. मी बोलेन ते, एक शब्द न बदलता.

तिनं नवं पान उघडलं. मी म्हटलं, शपथ घेते. कशावर? तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्यावर. "साक्षीदार टायपिस्टवर शपथ घेत नाहीत," ती म्हणाली, पण तिचा आवाज थोडा सैल झाला.

मी एकेक वस्तू घेतली. तडकलेली काच आणि कागद: आमचे हे शेवटी ज्या दवाखान्यात होते, त्यांच्या खाटेसमोरची खिडकी. मी ती दिवसचे दिवस बघत होते. पडद्याची दोरी आणि मणी: दाताच्या डॉक्टरांकडे, थांबायच्या खोलीत. तिथे मुलं मणी चावतात, मी पाहिलंय. एका पायातला मोजा: माझ्या लेकीचा. ती दुसरा मोजा लाथ मारून काढायची. गुणगुणणं: आपल्या शाळेच्या मागच्या जिन्यात, तूच गुणगुणायचीस, बटण तुटलं की शिवताना. मी बोलत होते आणि ती बडवत होती, जुनी ताई, खालच्या बाईंना ऐकू जाईल अशी.

उशी, मी म्हटलं. उशी मी बनवली. ती कुठलीच नाही.

ती थांबली. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "आपल्याकडे बाळाला उशी देत नव्हते. घडी घातलेलं फडकं असायचं डोक्याखाली." मग पुढे म्हणाली, "टाइप करताना मला वाटलं होतं, ही उशी कुठली. पण साक्षीदाराचं वाक्य म्हणून हात लावला नाही."

मी विचारलं, फडकं तू पाहिलं होतंस? म्हणाली, मीच घडी घालायचे. मी म्हटलं, मग तेही लिही. ते तुझं पाहिलेलं.

मग मी शेवटचं सांगितलं. त्या दुपारी मी बाबांबरोबर चांभाराकडे होते. माझ्या बुटाचा पट्टा तुटला होता. परत आलो तेव्हा जिन्यात शेजारची माणसं उभी होती, कुणी बोलत नव्हतं, आणि मी एका पायानं लंगडी घालत वर आले, कारण एक बूट हातात होता आणि शिवणीचं मेण अजून ओलं होतं. मी त्या खोलीत नव्हते. मी काहीही पाहिलेलं नाही. बाळाला आधीपासून खोकला होता आणि छाती भरली होती, असं बाबा नंतर म्हणाले.

"हे पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग ते कोर्टात धरत नाहीत," ती म्हणाली. पण तिनं ते टाइप केलं.

"म्हणजे मधलं कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. तू झोपली होतीस, एवढंच आहे. तिनं कागद छापून माझ्यापुढे सही करायला ठेवला, जिथे करायची तिथे बोट ठेवून. मी सही केली. मी तिला म्हटलं, ते प्रकरण पुसून टाक. नाही म्हणाली. दिलेली साक्ष खोडत नाहीत, तिच्यामागे दुसरी जोडतात. तिनं दोन्ही एका टाचणीत लावल्या.

मग उठली आणि कणीक मळायला गेली. मी तिथेच बसून राहिले. माफी मागायची राहिली होती आणि स्वयंपाकघरात जायचं धैर्य झालं नाही.

१९ मार्च

माफी मागितली. ती म्हणाली, दोन दिवस लावलेस, वाक्य घोटत होतीस का? खरंच घोटत होते.

२० मार्च

संपादक बाईंना फोन केला. कादंबरी देत नाही, म्हटलं. त्या प्रकरणाशिवाय नाही आणि त्या प्रकरणासकटही नाही. ती आधी समजावत होती, मग म्हणाली, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय टाकताय? मला पुरेपूर कल्पना आहे. दिवसभर रडू येत होतं, आणि ते ताईसाठी नव्हतं. तेही लिहून ठेवते.

हातानं लिहिलेली पानं फाडली. फाडताना एक बाजूला ठेवलं, मोज्याचं. त्यातलं एक वाक्य फार चांगलं आहे. ते या वहीच्या शेवटच्या पानांत दडवलं आहे. सुधारले असं कुणी समजू नये.

२४ मार्च

वसतिगृहाचं काय ते ताई बोलत नाही. तिची सूटकेस पलंगाखालून निघून खुर्चीवर आली आहे. उघडी आहे, रिकामी आहे. मी रोज जाता-येता बघते. आज तिच्यात दोन साड्या दिसल्या आणि माझ्या झडपेनं काय करायचं ते केलं. मग कळलं, त्या माझ्या आहेत. दवाखान्यात न्यायची बॅग ती भरते आहे.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, मावशी मला कधीच उचलायची नाही, ते यामुळे होय? मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मी इतकी वर्षं कोरडेपणा म्हणून वाचलं, आणि मुलांना वाचायला शिकवायची माझी नोकरी होती.

२७ मार्च

उद्या सकाळी जायचं. ताई बाहेर गोळ्या आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. लेकी, हे तुझ्यासाठी आहे. मी परत आले तर वाचू नकोस.

माझ्या कानातली तुझी. घड्याळ जावईबापूंना, चावी द्यावी लागते, ते विसरतील, तरी त्यांनाच. पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला, पण आधी आतली सुकलेली पानं-फुलं झाडून घे. शाली दोन आहेत, करडी खालच्या बाईंना, त्यांनी इतकी वर्षं सुतारकाम सहन केलं.

संपादक बाईंना काही देणं नाही. पत्र आलं तर नम्रपणे नाही म्हण.

टाचणी लावलेले कागद ताईच्या कपाटात आहेत, ते तिचेच. या वहीच्या शेवटच्या पानांत एक सुटं पान सापडेल, तेही तिला दे. मी ते लपवून ठेवलं होतं हे सांग. ती फाडेल, नाहीतर शुद्धलेखन सुधारेल.

आणि हे शेवटचं तुला रात्री फोनवरही सांगेन: माझी वाट बघायची नाही. मी शुद्धीवर असो की नसो, तू घरी आल्या आल्या बाळ आधी ताईच्या हातात द्यायचं. ती मागे सरेल. हात गार आहेत म्हणेल. तरी द्यायचं. मग तू खोलीतून बाहेर यायचंस आणि दार ओढून घ्यायचंस.